उसने डोहाळे

"ओ पाव्हणं, पाय आत घ्या की! ही काय तुमच्या घरची ओसरी न्हाई. आणि तू गं पोरी, तू बस हितं माझ्या जाग्यावर. पेपर हाय न्हवं आज तुझा? मग बस आणि वाच."

हा आवाज ऋतुजानं पहिल्यांदा ऐकला तो गारगोटीहून कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत. तेव्हा ती कॉलेजात होती आणि एसटीत अजून कंडक्टर असायचे. आवाज कसला, देवळातली घंटाच. पाय पसरून बसलेला पाव्हणा आक्रसला, मागच्या बाकाखाली टोपलीतली कोंबडी गप झाली, आणि ऋतुजा त्या अनोळखी कंडक्टरबाईच्या जागेवर बसून मान खाली घालून वाचू लागली. त्या बाईचं नाव जयश्री साळोखे. काही वर्षांनी तीच बाई तिच्या दारात उभी राहिली, धाकट्या भावासाठी मागणी घालायला. "पोरगी एवढ्या गर्दीत वाचती, म्हंजे आमच्या घरात नांदंल," एवढंच तिचं म्हणणं होतं.

लग्न झाल्यावर ऋतुजा तिला 'वन्सं' म्हणू लागली. असं आता कुणी म्हणत नाही. सुरुवात थट्टेनंच झाली. जयश्रीला ओव्यांचा नाद. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, रिकामी गाडी डेपोत जाताना तिच्या तोंडात ओवी असायची. "ओव्यांतली नणंद लई खाष्ट असती बघ," ती म्हणाली होती, "तिला भावजया वन्सं म्हणत्यात. तूबी मला म्हणून बघ. मी कितपत खाष्ट हाय ते कळंल." ऋतुजानं म्हणून बघितलं, आणि तेच तोंडात बसलं.

आता त्या आवाजाची पानगळ झाली होती. पोटात, आतड्यांच्या मागं, लसिकाग्रंथींची एक गाठ धरली होती. पहिली औषधं झाली, दुसरी झाली. केस गेले, भुवया गेल्या, आणि देवळातल्या घंटेवर कुणीतरी घोंगडं टाकावं तसा आवाज आत कोंडला गेला. तेव्हा कुठं डॉ. शिरीन मुल्लाणी म्हणाल्या, "एक वाट आहे. पण ती एकट्यानं चालायची नाही. सोबती लागेल."

"मी आहे," ऋतुजा म्हणाली. काय करायचं ते तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. शाळेतली नोकरी होती, तिथं तिनं बिनपगारी रजा टाकली. नवऱ्याला, धैर्यशीलला, तिनं निघताना फक्त एवढंच सांगितलं, "डबा स्वतः करायला शीक."

हॉस्पिटल गावाबाहेर माळावर होतं. खिडकीतून जोतिबाचा डोंगर दिसायचा. त्या वॉर्डात खाटा जोडीजोडीनं मांडलेल्या. एका खाटेवर रोगी, दुसरीवर सोबती, आणि मधे तिजोरीएवढं काचेचं यंत्र. यंत्राचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण सगळे त्याला चाळण म्हणायचे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं ते असं. रक्तात राखणदार पेशी असतात. परका दिसला की धरायचा, हे त्यांचं काम. पण कॅन्सर परका नसतो. तो घरातलाच, फक्त बिघडलेला. घरातलेच कपडे घालून हिंडतो. जयश्रीचे राखणदार त्याला रोज बघत होते आणि रोज वाट करून देत होते. ऋतुजाच्या राखणदारांनी मात्र तो कधीच पाहिलेला नव्हता. म्हणून गाठीतल्या थोड्या मेलेल्या पेशी ऋतुजाच्या दंडात टोचल्या. दंड सुजला, ताप चढला, अंगात आरडाओरडा झाला. आणि तिचे राखणदार चोराचा चेहरा शिकले.

नवल पुढंच होतं. शिकलेला राखणदार गप्प बसत नाही. तो रक्तात पुड्या सोडतो. एवढ्या लहान, की केसाच्या रुंदीवर हजारभर मावाव्यात. प्रत्येक पुडीत घडी घालून ठेवलेला निरोप: हा बघा चोर, असा दिसतो. चाळणीत दोघींचं रक्त शेजारून शेजारून वाहायचं, मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा. पेशी अलीकडं अडायच्या. पुड्या पलीकडं जायच्या. आणि जयश्रीचे झोपाळू राखणदार ते निरोप वाचून डोळे चोळत उठायचे.

वॉर्डातल्या बायकांनी या उपचाराला सरळ 'विरजण' नाव देऊन टाकलं होतं. शेजारणीकडून वाटीभर आणावं आणि आपलं दूध लावावं, तसंच हे. "तुमचं विरजण लागलं का?" अशी सकाळी चौकशी व्हायची. अटीही विरजणासारख्याच कडक. मधेच सोबती बदलायचा नाही. बदलला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि गाठ तेवढी थांबत नाही. सोबती आजारी पडला, किंवा सोबतीण गरोदर राहिली, तर ही रक्ताची जोड त्याच दिवशी तोडायची.

पण पुड्यांबरोबर आणखी काही पलीकडं जायचं. ते कुठल्याच चाळणीला अडवता आलं नव्हतं.

ते ऋतुजाला एका दुपारी कळलं. औषधांनी जयश्रीची झोप पार उडवलेली. डोळे मिटले तरी आत उघडेच. त्या दुपारी जोड सुरू असताना ऋतुजाला पेंग आली. तिची मान कलली, आणि पलीकडच्या खाटेवर जयश्रीची मानही कलली. दोघी एकदमच जाग्या झाल्या तेव्हा ऊन डोंगरावरून उतरलं होतं.

"ऋतू," जयश्री नवलानं म्हणाली, "ही झोप तुझी होती गं. पोरवयातली. मला माझी झोप वळखू येती."

डॉक्टरांना विचारलं तर त्या हसल्या. झोप, भूक, धास्ती, हेही रक्तातले निरोपच असतात, म्हणाल्या. तेही पडद्यातून झिरपतात. त्या सहज बोलून गेल्या, पण ऋतुजा दिवसभर खिडकीशी उभी होती. कुणी कुणाला मिठी मारली तरी दोन्ही काळजं आपापल्या पिंजऱ्यात असतात, असं तिला आजवर वाटायचं. आणि इथं एका बाईची झोप उठून चालत दुसरीकडं गेली होती, वाटीत घालून नेल्यासारखी.

मग उलटंही झालं. एकदा सुईची गाडी वॉर्डात आली. ऋतुजाचे डोळे मिटलेले होते, तिला गाडी दिसलीही नव्हती. आणि तिच्या छातीत एकाएकी कालवाकालव झाली, तळव्यांना घाम फुटला. तिनं डोळे उघडले. पलीकडं जयश्री छताकडं बघत अगदी शांत पडली होती.

"वन्सं, तुम्ही घाबरता?"

"मी? छे! दारू पिऊन चढलेल्याला उतरवलाय मी घाटात."

"मला कळतंय वन्सं. माझ्या छातीत आलंय."

जयश्रीनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "कळतंय तर कळू दे," ती मग म्हणाली. "बोलू नको."

त्या दिवसापासून सुईची गाडी आली की ऋतुजा मनात सावकाश श्वास घेऊ लागली. शाळेतल्या पहिलीच्या पोरांना शिकवायची तसा, फूल हुंगल्यासारखा आत, मेणबत्ती विझवल्यासारखा बाहेर. हळूहळू पलीकडची भुवई नसलेली कपाळपट्टी सैल व्हायची. आणि गाठ विरत चालली. पडद्यावरच्या चित्रात आधी ती नारळाएवढी होती. मग मोसंबीएवढी झाली, मग लिंबाएवढी. "आता सुपारी झाली की कातरून खाऊ," जयश्री म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी वॉर्ड हसला.

सोबत्यांना रविवारी घरी जायला मिळायचं. त्यांतल्याच कुठल्याशा रविवारचं हे फळ. पाळी चुकली तेव्हा ऋतुजाला वाटलं, टोचण्यांनी झालं असेल. मग एक दिवस तिनं समोरच्या मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. नातेवाइकांच्या खोलीत, दार लावून, ती त्या दोन रेघांकडं बघत उभी राहिली. आनंद आणि धास्ती एकाच दारातून आत आली. आधी कुणाला बस म्हणावं ते तिला कळेना.

कारण एकदा असंच झालं होतं. काही वर्षांपूर्वी, दुसराच महिना होता, आणि ऋतुजानं हरखून जाऊन जयश्रीला सांगितलं. जयश्री स्वतः सासरी चार वर्षं राहून, मूल होत नाही म्हणून परत पाठवलेली बाई. दुसऱ्यांच्या ओटीभरणाला ती कधी पुढं व्हायची नाही. भांडी घासायला मागं बसायची. त्या दिवशी मात्र तिनं गारगोटी ते कोल्हापूर प्रत्येक थांब्यावर पेढे वाटले. "आमच्या घरात पाळणा हलतोय!" आख्ख्या गाडीला ओरडून सांगितलं. आणि पंधरवड्यात सगळं संपलं. ऋतुजाची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "तीन महिने भरायच्या आत कुणी सांगतं का? सांगितलंस कशाला?" जयश्रीला कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर त्या घरात ओवी मोठ्यानं म्हटली गेली नाही.

म्हणून आता कुणालाच सांगायचं नव्हतं. धैर्यशीलच्या तोंडात तीळ भिजत नाही. डॉक्टरांना सांगावं तर जोड तुटणार, विरजण अर्धवट राहणार. आणि वन्संना? वन्संना तर नाहीच. ऋतुजानं मनाशी मांडणी केली. तिसरा महिना भरायला आणि उपचार संपायला साधारण एकच वेळ येत होती. तेवढं ओठ मिटून काढलं की सगळंच पार पडेल. मग सगळ्यांनाच सांगू. पेढे वाटायला वन्संच लागतील.

ओठ मिटता येतात. रक्ताला ओठ नसतात.

"ऋतू," एका सकाळी जयश्री म्हणाली, "मला कवठ खावंसं वाटतंय."

"कवठ? आता कुठं मिळणार कवठ?"

"मग चिंच आण. गाभुळलेली. आणि सिस्टरला म्हणावं, त्या फिनेलचा वास बंद करा, मला मळमळतंय."

औषधांनी तोंडाची चव बिघडते, हे वॉर्डात सगळ्यांना पाठ होतं. कुणाला पाणी लोखंडासारखं लागायचं, कुणाला भात साबणासारखा. पण जयश्रीची चव बिघडली नव्हती, ती जागी झाली होती. तिला गुऱ्हाळावरच्या गरम काकवीचा वास हवा झाला. तिला ताज्या पोतेऱ्याचा वास हवा झाला, चूल सारवताना ओल्या मातीचा येतो तो. "चूल आता आहे कुणाकडं?" म्हणत ऋतुजानं कुंडीतली माती ओली करून वाटीत आणली. जयश्रीनं डोळे मिटून ती हुंगली आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की समोरच्या खाटेवरच्या पाटीलकाकू म्हणाल्या, "अगं बया! जयश्रीबाईंस्नी डोहाळं लागलं!"

सगळा वॉर्ड खो खो हसला. ऋतुजाच्या हातातली वाटी कलंडली.

"लागू देत की," जयश्री म्हणाली. "तुमच्या का पोटात दुखतंय? ह्या वयात लागलं तर लागलं. ए ऋतू, हिरवी साडी आण माझी."

थट्टा थट्टाच राहिली असती. पण ऋतुजा बघत होती, आणि जे बघत होती त्यानं तिचा ऊर भरून येत होता. जयश्री दुपारी कुशीवर वळून झोपायची, गुडघे जरा वर घेऊन. उठताना हात आपसूक ओटीपोटावर ठेवायची. आणि एक दिवस, कितीतरी वर्षांनी, तिच्या घशातून ओवी आली. सुताएवढी बारीक, मधेच तुटणारी.

चिंचेच्या गं झाडाखाली सावली झुलते,
आंबटाच्या नावानं जीभ माझी भुलते.

पोटाच्या गं घागरीत कोण हाले डुले,
चांदण्याचं पाणी त्याला, आभाळाचे झुले.

"कुणाची ओवी ही, वन्सं?"

"कुणाची न्हाई. आत्ता सुचली." ती लाजली. पन्नाशीची, भुवया नसलेली बाई नव्या नवरीसारखी लाजली. "खोटं हाय ते मला कळतंय गं. औषधाचा खेळ. पण काय सांगू तुला, अंगात असं भरल्यासारखं वाटतंय. बायका सांगायच्या, मी ऐकायची. मला वाटायचं, उगंच नखरं. न्हाई गं. असतंय असं काहीतरी. अंगाला आपण सोडून दुसऱ्याची चाहूल लागती."

जे ऋतुजाच्या स्वतःच्या पोटात होतं ते तिला अजून नुसतं भय वाटत होतं. ती ते मोजत होती, लपवत होती. आणि त्याची सगळी गोडी पडदा ओलांडून, आयुष्यभर मागं बसलेल्या या बाईच्या ओटीत जाऊन पडत होती. असं कधी घडलं असेल का? जगात कुणी कुणाचे डोहाळे भोगले असतील का? त्या दिवशी ती जिन्यात जाऊन रडली, आणि ते दुःख नव्हतं.

मग एका सकाळी डॉ. मुल्लाणींनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती.

"बस. एक विचारायचं होतं, नेहमीचंच. तू गरोदर वगैरे नाहीस ना?"

"नाही," ऋतुजा म्हणाली.

शब्द तिच्याआधी तोंडातून निघाला होता. कुणी अंगावर हात उगारावा आणि आपण डोळे मिटावेत, तसा.

"पाळी?"

"येऊन गेली."

"ठीक आहे. सोबत्याच्या शरीराला त्याच्या मर्जीशिवाय हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तू म्हणतेस ते मी धरून चालते." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग बातमी चांगली नाही. गाठ विरायची थांबली आहे. उलट जरा वाढलीच. आणि जयश्रीताईंच्या रक्तात गर्भारपणाचं संप्रेरक सापडलंय. तुमचं रक्त रोज शेजारून वाहतं, त्यामुळं तुझ्याही बाजूला ते दिसतं. उगम कुठला, ते आकड्यांवरून सांगता येत नाही. पण तू नाहीस म्हणतेस, म्हणजे ते गाठीतूनच येतंय."

"गाठीतून? गाठ कशी..."

"काही गाठी गर्भाची भाषा चोरतात." डॉक्टर खिडकीकडं बघत बोलू लागल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "असं बघ, पोटातलं मूल अर्धं परकं असतं. अर्धं बापाकडचं. राखणदारांनी त्याला खरं तर पहिल्या आठवड्यातच हाकलायला हवं. पण ते राईएवढं असतानाच आईच्या रक्तात निरोप धाडतं, मला राहू द्या. आणि आख्खं सैन्य शस्त्रं खाली ठेवतं. इतकी वर्षं मी हे शिकतेय, माझं नवल अजून संपलेलं नाही. आपण सगळे त्या एका विनवणीवर जन्माला आलोय. पण तीच विनवणी गाठीनं शिकून घेतली, की मग राखणदार तिलाही राहू देतात."

ऋतुजाला ते दिसत होतं. राईएवढा तिचा जीव, आणि त्याचा तो एवढासा निरोप: मला राहू द्या. तिच्या रक्तातून नळीत, नळीतून चाळणीत, पडद्यापलीकडं. आणि पलीकडं वन्संचे जागे झालेले राखणदार ते ऐकून पुन्हा खाली बसलेले. मुलानं मागितलं होतं स्वतःसाठी. मिळत होतं गाठीला.

"आणि समजा," तिनं विचारलं, "समजा मी गरोदर असते, तर?"

"तर सोपं होतं. जोड तोडली असती. शिकलेलं राखणदार विसरत नाहीत. तो निरोप यायचा बंद झाला, की ते उठून पुन्हा कामाला लागले असते. निदान लागायला हवेत. पण तसं नाही ना. म्हणून उद्यापासून जड औषध सुरू करायचं. त्यांचं हृदय ते पेलेल का, मला सांगता येत नाही." डॉक्टर उठल्या. "त्यांना मी सकाळीच सांगितलंय. लपवत नाही मी काही. आज शेवटची जोड करू, दोन्हीकडचं रक्त एकदा पुन्हा तपासायचंय."

ऋतुजाचे ओठ उघडले. आईचा आवाज कानात होता, सांगितलंस कशाला. तिसरा महिना भरायला थोडेच दिवस राहिले होते. आणि आता सांगायचं ते एवढंच नव्हतं. ‘मी खोटं बोलले, आणि माझ्या खोट्यावर वन्संची गाठ वाढली’, हेही सांगायचं होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली. त्या गेल्या.

ऋतुजा वॉर्डात आली. सिस्टरनी नळ्या जोडल्या, चाळणीचा बारीक झुळझुळ आवाज सुरू झाला. जोतिबाच्या डोंगरावर ढगांच्या सावल्या चालल्या होत्या. जयश्री उताणी पडली होती. हात दोन्ही बाजूंना, पोटापासून लांब ठेवलेले.

"कळलं न्हवं तुला?" ती म्हणाली.

"हो."

"मला काय मरायचं भ्या न्हाई गं. ते आधीच मोजून ठेवलं होतं." तिचा आवाज कोरडा होता. "राग येतोय तो दुसऱ्याचाच. मला वाटायचं, खोटं तर खोटं, पण काय गोड हाय. मी मनात म्हणायची, जयश्री, एवढ्या उशिरा का हुईना, देवानं तुला उंबऱ्यात उभी करून आत काय असतं ते दाखवलं. मी पोटावर हात ठेवून झोपत होते ऋतू. ओवी म्हणत होते." तिनं चादर पोटावरून बाजूला सारली. "आणि ती गाठ होती गं. मी गाठीचं लाड केलं. गाठीला झुलं बांधलं."

पाटीलकाकूंनी तोंड भिंतीकडं केलं.

ऋतुजानं श्वास आत घेतला, फूल हुंगल्यासारखा. पण बाहेर सोडायला तो मिळेना. तिची छाती धडधडू लागली. तिला वाटलं, आता ही धडधड नळीत शिरली असेल. आता चाळणीपाशी असेल. आता पडदा.

जयश्रीनं मान वळवली. तिचा उजवा हात उठून स्वतःच्या छातीवर गेला.

"हे काय? काळीज का उडाय लागलं माझं?" ती आत कान लावून ऐकल्यासारखी गप्प झाली. "हे माझं न्हवं. माझं भ्या मला पाठ हाय, ते असं न्हाई. हे तुझं हाय." ती कोपरावर उठू लागली. "ऋतू, काय झालं? धैर्याला काय झालंय का? बोल की."

"धैर्यशील बरा आहे."

"मग?"

"वन्सं, पडून राहा. नळी ओढली जाईल."

"नळी गेली खड्ड्यात. हे नुसतं भ्या न्हाई, ह्यात दुसरंबी काय तरी मिसळलंय." जयश्रीचे डोळे मोठे झाले होते, उजेडाकडं बघितल्यासारखे. "रडाय येतंय मला, आणि वाईट वाटत न्हाई. असं कसं? काय हाय हे? काय लपीवलंयस तू?"

ऋतुजानं हात लांब केला. दोन खाटांच्या मधे, चाळणीच्या काचेवरून, जेमतेम पोहोचला. जयश्रीची बोटं तिच्या बोटांत आली. काचेखाली दोघींचं रक्त शेजारून वाहत होतं.

"वन्सं, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. आता त्या आल्या की सांगणार आहे. आजच जोड तुटेल, आणि तुमचे राखणदार पुन्हा उठतील, त्या म्हणाल्यात मला. जड औषध नको. पण आधी तुम्हाला सांगायचंय. सगळ्यांच्या आधी तुम्हालाच."

"काय?"

"तिसरा महिना अजून भरला नाही," ऋतुजा म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. "माझ्या पोटात बाळ आहे, वन्सं. चिंच त्यानं मागितली होती. तुम्ही गाठीला नाही, त्याला ओवी म्हणत होतात."